विश्लेषण : बंगल्यात स्विमिंग पूल बांधला, तर घर विकताना पैसे वसूल होतात?

लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी किंवा गोवा... ‘सेकंड होम’ची जाहिरात कुठलीही असो, निळ्याशार पाण्याचा फोटो त्यात असतोच. ते पाहून जुना बंगला असलेल्यांनाही वाटू लागते, की मागच्या मोकळ्या जागेत एक छोटा तलाव बांधून घ्यावा. मुले पोहतील, पाहुणे खूश होतील आणि उद्या घर विकायची वेळ आली तर चार पैसे जास्तच मिळतील. हौसेला मोल नसते हे खरे. पण घर विकायला काढले की गिऱ्हाईक त्या हौसेचे मोल करतेच आणि ते मालकाच्या हिशेबाशी क्वचितच जुळते. तलाव कोणत्या प्रकारचा आहे, कुठल्या जमिनीत आहे, त्याला पाणी कुठून येते आणि त्याचे कागद आहेत का, यावर हे मोल ठरते.

जेवढा खर्च, तेवढी किंमत वाढते का?

बहुतेक वेळा नाही. घराचे मूल्यांकन करणारे तज्ज्ञ एखाद्या सुविधेवर झालेला खर्च आणि त्या सुविधेमुळे घराच्या बाजारभावात पडणारी भर या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. पहिली बिलांवरून कळते. दुसरी कळते ती त्याच भागात नुकत्याच झालेल्या व्यवहारांवरून. सारख्याच आकाराच्या, सारख्याच वयाच्या दोन बंगल्यांपैकी तलाव असलेला किती जास्त भावाने गेला, एवढाच फरक त्या तलावाची खरी किंमत असतो.

उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. समजा, एका बंगल्याला आज दीड कोटी रुपये मिळू शकतात. मालकाने १५ लाख रुपये खर्चून तलाव बांधला. पाच वर्षांनी, बाकीची भाववाढ बाजूला ठेवली तर, तलावामुळे सात लाख जास्त मिळाले. म्हणजे आठ लाख रुपये परत आले नाहीत. पाच वर्षांत वाटले तर ते वर्षाला १ लाख ६० हजार होतात. देखभालीचा खर्च वेगळा. ‘वर्षाला एवढे पैसे देऊन आपल्या घरात पोहायला आवडेल का?’ या प्रश्नाचे उत्तर मनापासून ‘हो’ असेल तर तलाव बांधण्यात काहीच चूक नाही. उत्तर ‘नाही, पण विकताना निघतील ना’ असे असेल, तर थांबलेले बरे.

काही गिऱ्हाइकांसाठी तर तलाव ही उणी बाजू ठरते. निवृत्तीनंतर राहायला येणाऱ्या जोडप्याला त्यात रोजची कटकट दिसते. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असलेल्यांना धोका दिसतो. तलाव ज्यांना हवाच आहे, अशा गिऱ्हाइकांची संख्या मुळात कमी असते. त्यामुळे घर विकायला लागणारा वेळही वाढू शकतो.

बांधणीचे प्रकार कोणते?

मुख्य प्रकार चार. पहिला आरसीसी, म्हणजे सळई आणि काँक्रीटचा तलाव. त्यावर वॉटरप्रूफिंग आणि वर टाइल. हवा तो आकार, हवी ती खोली यात मिळते आणि नीट बांधला तर तो घराइतका टिकतो. मात्र काम काही आठवडे ते काही महिने चालते आणि सगळी मदार वॉटरप्रूफिंगवर असते. ते फसले तर टाइल उखडून पुन्हा सुरुवात करावी लागते.

दुसरा फायबरग्लासचा. कारखान्यात तयार झालेले एकसंध भांडे ट्रकवरून आणून क्रेनने खड्ड्यात बसवतात. काम झटपट होते, पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी धरते. पण आकार कारखाना देईल तोच. शिवाय गावातल्या अरुंद रस्त्यावरून, विजेच्या तारांखालून ते भांडे प्लॉटपर्यंत पोहोचेल का, हे आधी पाहावे लागते.

तिसरा लायनरचा. लोखंडी पत्र्याच्या किंवा बांधीव भिंतींना आतून पीव्हीसीचे जाड आवरण लावलेले असते. सुरुवातीचा खर्च कमी, पण हे आवरण साधारण दहा वर्षांच्या आसपास बदलावे लागते. विकत घेणारा त्या आवरणाचे वय विचारतो आणि ते संपत आले असेल तर तेवढे पैसे भावातून कापतो.

चौथा जमिनीवर उभा करायचा तयार तलाव. तो सुट्या सामानासारखा असतो. घर विकताना त्याचे जवळजवळ काहीच मिळत नाही. पण तो उचलून नेता येतो, हा त्याचा फायदाही आहे. मुले मोठी होईपर्यंत तीन-चार उन्हाळे काढायचे असतील, तर हाच सर्वांत शहाणपणाचा पर्याय असू शकतो.

आकाराचा किमतीशी काय संबंध?

आकारात फॅशन असते आणि फॅशन जुनी होते. थॉमस चर्च या उद्यानरचनाकाराने १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातील डॉनेल गार्डनमध्ये मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव केला. तो इतका गाजला, की पुढची काही वर्षे अमेरिकेच्या परसांत तसलेच तलाव दिसू लागले. १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियातील अनेक तलाव कोरडे पडले आणि त्यांच्या गोलसर भिंतींवर मुलांनी स्केटबोर्डिंग सुरू केले. एका पिढीची हौस पुढच्या पिढीने अशी वेगळ्याच कामाला लावली. साधा आयताकृती तलाव कधीच फारसा जुना दिसत नाही. त्यावर आच्छादन टाकणे सोपे आणि प्लॉटची जागाही वाया जात नाही.

खोलीचेही तसेच. एका टोकाला आठ फूट आणि वर सूर मारायची फळी, ही जुनी पद्धत. घरगुती वापराला सगळीकडे सारखी चार फूट खोली पुरते. पाणी कमी लागते आणि जोखीमही घटते. हल्ली ‘प्लंज पूल’ म्हणजे डुंबायचा छोटा तलाव लोकप्रिय आहे. चार मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि १.२ मीटर खोल तलावात १२ हजार लिटर पाणी मावते. आठ मीटर बाय चार मीटरच्या तलावात त्याच खोलीला ३८,४०० लिटर लागते. रोज पोहणाऱ्याला लांबट, अरुंद ‘लॅप पूल’ सोयीचा. मात्र तो घेणारे गिऱ्हाईकही पोहणारेच हवे.

‘इन्फिनिटी पूल’ म्हणजे कडेवरून पाणी दरीत सांडत असल्याचा भास देणारा तलाव. तो उतारावर आणि समोर नजारा असेल तिथेच शोभतो. कडेवरून सांडणारे पाणी झेलायला खाली वेगळी टाकी आणि ते वर चढवायला पंप लागतो. समोर शेजाऱ्याची कंपाउंड वॉल असेल, तर हा सगळा खर्च वाया जातो.

आपली जमीन आणि पाऊस काय म्हणतात?

हा प्रश्न आकाराच्या आधी विचारायला हवा. देशावरची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. या हालचालीने तलावाच्या भिंतीला तडे जाऊ शकतात. म्हणून अशा ठिकाणी ती माती काढून मुरमाची भर घालणे आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून आराखडा करून घेणे गरजेचे असते. कोकणात जांभा किंवा कातळ लागला तर खोदाईचाच खर्च वाढतो.

दुसरा धोका जमिनीखालच्या पाण्याचा. पावसाळ्यात भूजल वर येते आणि तलावाला खालून ढकलते. तलाव भरलेला असतो तोवर आतल्या पाण्याचे वजन हा जोर पेलते. पण नेमका त्याच वेळी ‘पावसाळ्यात कोण पोहतोय’ म्हणून तलाव रिकामा केला, तर तो बोटीसारखा वर उचलला जाऊ शकतो. ३८,४०० लिटरच्या तलावाभोवती भूजल अगदी काठापर्यंत चढले, तर वर ढकलणारा जोर ३८ टनांहून अधिक होतो. हलक्या फायबरग्लासला हा धोका जास्त; पण काँक्रीटचे तलावही असे उचलले गेल्याची उदाहरणे आहेत. तळाशी दाब मोकळा करणारी झडप, भोवताली पाणी वाहून नेणारे पाइप आणि पावसाळ्यात तलाव भरलेला ठेवणे, हे त्यावरचे उपाय.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे चार फुटी तलावाच्या खोलीच्या तिपटीहून जास्त पाणी थेट आकाशातून येते. ते सांडून कुठे जाणार, याची वाट आधीच ठरलेली हवी. नाही तर ते पायाशी मुरते किंवा शेजाऱ्याच्या अंगणात शिरते.

पाणी आणि विजेचा हिशेब कसा?

आठ बाय चार मीटरचा तलाव एकदा भरायला १० हजार लिटरचे जवळपास चार टँकर लागतात. पाणी चांगले राखले तर ते वारंवार बदलावे लागत नाही. पण उन्हाने ते उडते. दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडते असे गृहीत धरले, तरी या तलावातून रोज १६० लिटर, महिन्याला ४,८०० लिटर पाणी जाते. म्हणजे दोन महिन्यांत एक टँकर केवळ हवेत. फिल्टर धुताना वाया जाणारे पाणी वेगळे. वापर नसताना आच्छादन टाकले तर बाष्पीभवन बरेच कमी होते आणि पालापाचोळाही आत पडत नाही.

फिल्टरसाठी एक अश्वशक्तीची मोटर रोज सहा तास चालवली, तर दिवसाला साधारण साडेचार युनिट, महिन्याला १३५ युनिट वीज लागते. महावितरणच्या घरगुती दरात वापर वाढला की वरच्या टप्प्याचा दर लागतो, हेही लक्षात ठेवावे. क्लोरीन आणि पीएचची तपासणी आठवड्यातून किमान दोन-तीनदा करावी लागते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार तलावात मुक्त क्लोरीन किमान एक पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ दरम्यान हवा. ‘सॉल्टवॉटर’ तलावात क्लोरीन नसतो, हा गैरसमज आहे. त्यातले यंत्र मिठापासूनच क्लोरीन तयार करते.

आठवडाभर बंद राहणाऱ्या घरात ही कामे कोण करणार? केअरटेकर नसेल तर काही दिवसांतच पाणी हिरवे होते आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. घर दाखवायला नेले त्या दिवशी पाणी हिरवे असेल, तर तलाव भाव वाढवण्याऐवजी पाडतो.

पाणीटंचाईचा प्रश्नही आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने स्विमिंग पूलसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात भरलेला तलाव शेजाऱ्यांच्या डोळ्यावर येतो. गिऱ्हाईकही पहिला प्रश्न विचारते तो बोअरवेलला मे महिन्यात पाणी असते का, हाच.

कुठे तलावामुळे भाव वाढतो?

जिथे घर भाड्याने जाते तिथे. लोणावळा, अलिबाग किंवा उत्तर गोव्यात सुट्टीसाठी बंगला शोधणारे अनेक जण तलाव असलेलाच बंगला मागतात. तिथे तलाव हा भाड्याच्या उत्पन्नाचा भाग होतो. गेल्या दोन-तीन वर्षांच्या बुकिंगच्या नोंदी दाखवता आल्या, तर विकतानाही त्याची किंमत मिळते. ज्या भागातल्या बहुतेक बंगल्यांना तलाव आहे, तिथे तो नसणे ही उणीव ठरते.

याउलट, पुणे, नाशिक किंवा कोल्हापुरातील राहत्या वस्तीत, जिथे आसपास कुणाकडेच तलाव नाही, तिथे त्याचे जास्त पैसे द्यायला कुणी सहसा तयार होत नाही. प्लॉट लहान असेल तर नुकसानच. तीन-चार गुंठ्यांतली मोकळी जागा तलावाने खाल्ली, की गाडी, झाडे आणि उद्याच्या वाढीव बांधकामाची सोय संपते. ही जमीनच त्या घराची सर्वांत महाग गोष्ट असते.

सुरक्षेचा किमतीशी संबंध काय?

संबंध आहे, आणि तो केवळ किमतीपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले. अमेरिकेत एक ते चार वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण बुडणे हेच आहे. आपल्याकडेही सुट्टीसाठी भाड्याने घेतलेल्या बंगल्यांच्या तलावात लहान मुले बुडाल्याच्या बातम्या येत असतात. मूल पाण्यात पडल्यावर आवाज होतोच असे नाही. मोठी माणसे चहा घेत असतात तेवढ्यात सगळे संपते.

म्हणून चारही बाजूंनी किमान चार फूट उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारे दार या गोष्टी मूळ खर्चातच धराव्यात. तळाच्या ड्रेनवर नीट झाकण हवे. उघड्या ड्रेनच्या ओढीने केस किंवा अंग अडकून जीव गेल्यानंतर अमेरिकेने २००७ मध्ये कायदा करून या झाकणांना मानक बंधनकारक केले.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने तर सुरक्षा थेट विक्रीशी जोडली. एप्रिल २०१६ पासून तिथे तलाव असलेले घर विकताना तलाव नियमांप्रमाणे आहे किंवा नाही, याचे प्रमाणपत्र करारासोबत जोडावे लागते. नियमांत नसेल तर दुरुस्तीची जबाबदारी नव्या मालकावर जाते आणि त्याला ९० दिवस मिळतात. साहजिकच तो खर्च भाव ठरवतानाच निघतो. आपल्याकडे असे प्रमाणपत्र लागत नाही. पण सावध गिऱ्हाईक कुंपण पाहतेच.

कागदपत्रे कोणती हवीत?

तलाव हे बांधकाम आहे. जमीन एनए आहे का आणि मंजूर नकाशात तलाव दाखवता येईल का, हे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडे खोदाईआधीच विचारावे. किनाऱ्याजवळ सीआरझेडचे नियम लागतात. माथेरानच्या परिसरात २००३ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची बंधने आहेत. नकाशात नसलेला तलाव असेल, तर गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेचा मूल्यांकनकार त्याची किंमत धरेलच असे नाही. उलट व्यवहार अडण्याची भीती असते.

‘मागच्या अंगणात कोण बघतंय’ हा भरवसाही आता उरलेला नाही. फ्रान्सच्या करखात्याने हवाई छायाचित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून नोंद न केलेले २० हजारांहून अधिक तलाव शोधले आणि २०२२ मध्ये त्यातून सुमारे एक कोटी युरोची करवसुली झाल्याचे जाहीर झाले.

बिले मात्र जपून ठेवावीत. घर विकताना भांडवली नफा मोजताना सुधारणेवर झालेला भांडवली खर्च वजा करता येतो. महिन्याच्या देखभालीचा नाही. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकाच्या लाभाशिवाय १२.५ टक्के दर लागू झाला. त्याआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तींना जुन्या पद्धतीने, निर्देशांकासह २० टक्क्यांनी हिशेब करण्याचा पर्याय आहे. आपल्याला काय सोयीचे, हे सीएकडून पाहून घ्यावे. रोखीत, बिलाविना केलेल्या कामाला यातले काहीच मिळत नाही.

तलाव असलेले घर विकत घेताना काय पाहावे?

एक सोपी चाचणी बादलीची. तलावाच्या पायरीवर तलावाच्याच पाण्याने भरलेली बादली ठेवायची. बादलीतल्या आणि तलावातल्या पाण्याच्या पातळीवर खूण करायची. मोटर बंद ठेवून २४ तासांनी पाहायचे. ऊन दोन्हीकडचे पाणी सारखेच उडवते; पण तलावाची पातळी जास्त उतरली असेल तर गळती आहे. शिवाय मोटर, फिल्टर आणि वॉटरप्रूफिंगचे वय, वर्षभराची वीजबिले आणि मे महिन्यातल्या टँकरच्या पावत्या मागाव्यात.

बांधणाऱ्यानेही हेच कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवावेत. आणि खोदाईचा मुहूर्त काढण्याआधी एक उन्हाळा बोअरवेलचे पाणी आणि एक पावसाळा अंगणात साचणारे पाणी पाहून घ्यावे. एवढे थांबूनही हौस टिकली, तर साधा, आयताकृती, चार फुटी आणि कुंपण घातलेला तलाव बांधावा. तो स्वतःला वापरता येतो आणि पुढच्या मालकालाही नकोसा होत नाही.